मानूस, मनखे, कोयतूर

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर आमगाव आणि सालेकसा मागे टाकून जंगलात शिरते. दरेकसा हे महाराष्ट्रातलं शेवटचं स्थानक, त्यापुढचं बोरतलाव छत्तीसगडात. प्रवास जेमतेम तास-दीड तासाचा, पण तेवढ्यात डब्यातली भाषा पालटत जाते आणि तिच्याबरोबर माणसाला म्हणायचा शब्दही. झाडीपट्टीतल्या मराठीत, म्हणजे झाडी बोलीत, तो ‘मानूस’ असतो. या बोलीत ‘ण’ नाही. तिथे पाण्याचं ‘पानी’ होतं, काळ्याचं ‘कारा’ होतं आणि डोळ्याचा ‘डोरा’. बोरतलावच्या पुढे छत्तीसगढी सुरू झाली की मानसाचा ‘मनखे’ होतो. आणि रुळांच्या दोन्ही अंगांना डोंगरात वसलेल्या गावांतला गोंड स्वतःविषयी बोलताना तिसराच शब्द काढतो: ‘कोयतूर’.

पहिले दोन शब्द एकाच घरातले आहेत. तिसऱ्याचं घराणंच वेगळं. ते दोन माणसाला ‘मनू’शी जोडतात, तिसऱ्यामागे एक गुहा आहे, आणि ती गुहा याच रेल्वेमार्गाजवळ, सालेकसा तालुक्यात आहे.

आधी मनूचं घराणं पाहू. मराठी ‘माणूस’ संस्कृत ‘मानुष’वरून आला. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला, ‘ष’चा ‘स’ झाला, आणि पुढे मराठीने ‘णु’चा उकार लांबवला. संस्कृतात मानुष, मनुष्य, मानव, मनुज ही सगळी ‘मनू’ची लेकरं. पाणिनीने मनुष्य आणि मानुष ही रूपं सिद्ध करताना एक अट घातली आहे: ‘जाती’ असा अर्थ असेल तेव्हाच हे प्रत्यय लागतात. म्हणजे ‘मनुष्य’ हे व्याकरणाच्या दृष्टीनेच एका जातीचं नाव आहे, जसं घोडा हे नाव आहे किंवा गाय. ‘मानव’ मात्र अपत्यवाचक, मनूचा वंशज. याच ‘मानव’चा ‘न’ मूर्धन्य करून ‘माणव’ म्हटलं की अर्थ उतरतो. अडाणी पोर, शिकायला आलेला बटू. एका अनुनासिकाने माणसाची पत किती खाली येते ते पाहा. झाडी बोलीने ‘ण’ टाकूनच दिला, तेव्हा तिला ही भीती नाही.

यास्काने निरुक्तात ‘मनुष्य’ शब्दाची फोड करताना एका उत्तरावर समाधान मानलेलं नाही. विचार करून कर्मं शिवतात ते मनुष्य, असं तो एकदा म्हणतो. विचारी मनाने निर्माण केले ते, असं दुसऱ्यांदा. आणि मनूची संतती, असं तिसऱ्यांदा. मला यातली शिवण्याची कल्पना सर्वांत आवडते, पण आजचे भाषाशास्त्रज्ञ तिच्यामागे जाणार नाहीत. त्यांच्या मते ‘मनू’ हा फार जुना शब्द आहे, इंग्रजी ‘मॅन’ आणि जर्मन ‘मान’ यांचा नातलग. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमाराला जर्मन टोळ्यांवर लिहिलं तेव्हा त्यांच्या मूळपुरुषाचं नाव ‘मान्नुस’ असं नोंदवलं आहे. ऱ्हाईनच्या काठावरची माणसं आणि सरस्वतीच्या काठावरची माणसं एकाच नावाचा आजोबा सांगत होती. ‘मनू’चं मूळ ‘मन्’, म्हणजे विचार करणे, या धातूतच आहे की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही. शाळेत छातीठोकपणे सांगितलं जातं तेवढं ते पक्कं नाही.

माणसाची ओळख कशावरून पटवायची, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवलं. ‘आदमी’ हा आदमचा, आणि हिब्रूत ‘अदामा’ म्हणजे माती. लॅटिनमधला ‘होमो’ही ‘हूमुस’ या मातीवाचक शब्दाचा भाऊबंद. इराणी शाखेने माणसाला ओळखलं ते त्याच्या मरणावरून. संस्कृत ‘मर्त्य’, जुन्या फारसीत ‘मर्तिय’, पुढे ‘मर्द’. आपल्याकडे पोवाड्यात, फेट्यात आणि मिशांवर जो मर्द मिरवतो तो मुळात ‘मरणारा’. शाहिरांना हे कुणी सांगितलं नसावं.

मराठीने ‘माणूस’ हा शब्द फार सैल हाताने वापरला. तो गडी होऊ शकतो (‘माणूस पाठवून देतो’), नवरा होऊ शकतो (‘माझा माणूस बाहेरगावी आहे’), जेवणाच्या पंगतीतला आकडा होऊ शकतो (‘दर माणशी दोन पोळ्या’). त्याचं लिंगही बदलतं. एक माणूस आला, पण चार माणसं आली. एकवचनी पुल्लिंगी, अनेकवचनी नपुंसकलिंगी. ‘बाईमाणूस’ हा शब्दही आहेच. आणि एक क्रियापद तर असं आहे की जंगलालगतच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ रोज दिसतो: माणसाळणे. नागझिरा आणि नवेगावच्या या मुलखात हरणाचं पाडस माणसाळतं, पोपट माणसाळतो. जनावर भीती टाकून माणसांत आलं की ते थोडं माणूस होतं, असं हे क्रियापद म्हणतं. उलट बाजूने, वागणं बिघडलेल्या माणसाला ‘माणसात नाही’ म्हणतात. थोडक्यात, आपल्या भाषेत माणूस असणं जन्माने मिळतं, पण टिकवावं लागतं.

छत्तीसगढीने याच शब्दाचं आणखी गमतीचं काम केलं. तिथे अनेकवचन करायला नामापुढे ‘मन’ लावतात. लइका म्हणजे मूल, लइकामन म्हणजे मुलं. ‘हमन’ म्हणजे आम्ही. हा ‘मन’ मनातला नव्हे. ओडियातल्या ‘माने’ या अनेकवचनी प्रत्ययासारखाच तो ‘मानव’वरून आला असं मानतात. हलबीतही तसाच प्रत्यय आहे, आणि हलबा समाज सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात पुष्कळ आहे. एकाहून जास्त काहीही असलं की त्याच्यापुढे ‘माणसं’ जोडायची, मग ती झाडं का असेनात.

आता तिसरा शब्द.

‘गोंड’ हे नाव गोंडांनी स्वतःला दिलेलं नाही. ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवली होती. नागपूरला काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना ‘गोंड’ हा शब्द तेलुगू ‘कोंडा’, म्हणजे डोंगर, यावरून आलेला वाटला. जनरल कनिंगहॅम यांनी त्याचा संबंध ‘गौड’शी लावला. भारतीय भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सन यांनी या भांडणाच्या मुळावर बोट ठेवलं: हे लोक स्वतःला ‘कोइ’ किंवा ‘कोइतूर’ म्हणवतात. म्हणजे ज्या शब्दाची व्युत्पत्ती शोधण्यात पंडितांनी शाई खर्च केली, तो शब्दच शेजाऱ्यांचा. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात ही सगळी मतं एकापाठोपाठ एक दिलेली सापडतात.

गोंदिया शहराच्या नावाचीही अशीच ओढाताण आहे. कुणी सांगतं की इथे जंगलातला गोंद, म्हणजे डिंक, गोळा होऊन विकला जायचा म्हणून गोंदिया. कुणी सांगतं की गोंडांची वस्ती म्हणून. दोन्ही गोष्टी या भागात होत्या, त्यामुळे दोन्ही व्युत्पत्त्या तितक्याच खपतात. डिंकवाल्यांच्या बाजूने ‘द’ आहे, गोंडांच्या बाजूने इतिहास. सारखा ध्वनी ऐकू आला की नातं जोडून टाकायची हौस व्युत्पत्तीच्या क्षेत्रात फार, आणि तिच्यापासून जपून राहिलेलं बरं. जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. २०११ च्या जनगणनेत त्याच्या सव्वातेरा लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे १६ टक्के होतं. त्यातली दाट वस्ती सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या तालुक्यांत आहे.

कोयतूर या शब्दाचा अर्थ काय, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. जुन्या इंग्रजी व्याकरणांत आणि शब्दसूचींत त्याचा अर्थ सहसा एका शब्दात संपवलेला असतो: गोंड. समाजातल्या जाणत्यांना विचारा, ते म्हणतील: माणूस. आणि मग ते शब्द उलगडून सांगतील. कोया म्हणजे कूस, आईचं उदर. धरणीच्या उदरातून, गुहेतून जन्मला तो कोयतूर. व्युत्पत्तीच्या कसोटीवर ही फोड टिकेल का? द्राविडी भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात ‘कोइ’चे नातलग दूरवर सापडतात. गोदावरीच्या खोऱ्यातले ‘कोया’ आहेत, ओडिशातल्या कंधांची भाषा ‘कुई’ आहे. पण कुशीचा अर्थ हा त्या समाजाने आपल्या गोष्टीतून काढलेला आहे. माझं मत असं की त्याने त्याचं मोल कमी होत नाही. यास्काचं ‘शिवणं’ आपण दोन-अडीच हजार वर्षं कौतुकाने सांगतो, तर हीच सवलत कोयतूरांनाही मिळायला हवी. लोक आपल्या नावाला जो अर्थ देतात तोही त्या नावाच्या चरित्राचा भाग असतो.

ही गोष्ट जिथे घडली असं मानतात ते ठिकाण म्हणजे कचारगड. दरेकसा स्थानकाच्या बाजूला धनेगाव आहे. तिथून डोंगर चढून गेलं की मोठी नैसर्गिक गुहा लागते. दरवर्षी माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, जिथे जिथे गोंड आहेत तिथून लोक येतात. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडा आणि वाटेत भेटेल त्याला ‘जय सेवा’. पुरुषाच्या नावाआधी श्री नव्हे, ‘तिरुमाल’ लावतात. बाईच्या नावाआधी ‘तिरुमाय’. पूजेला ‘गोंगो’ म्हणतात, देवाला ‘पेन’, आणि जगण्याच्या सगळ्या रीतीला मिळून ‘पुनेम’.

कोया पुनेममध्ये सांगतात ती गोष्ट अशी. कली कंकाली मातेची तेहतीस मुलं. ती जंगो रायताडच्या आश्रयाला वाढत होती. मुलं व्रात्य, कुणाला आवरेनात. शेवटी शंभूने त्यांना कोयली कचार लोहागडच्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर अजस्र शिळा लावली. मुलं आत, आई बाहेर. आईचा आक्रोश थांबेना. पारी कुपार लिंगो हा द्रष्टा तिथे आला. त्याने आतल्या मुलांना सोडवायचं ठरवलं, पण शिळा बाहेरून हलण्यातली नव्हती. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने गुहेपाशी किंगरी वाजवायला घेतली. सूर आत पोचले. इतके दिवस अंधारात हातपाय गाळून बसलेल्या पोरांच्या अंगात बळ आलं, आतून सगळ्यांनी मिळून शिळेला रेटा दिला, बाहेरून हिरासुकाने जोर लावला, आणि शिळा निसटली. ती निसटली ती हिरासुकाच्या अंगावर. मुलं सुटली, वादक गेला. मग लिंगोने त्या तेहतीस जणांना ज्ञान दिलं, सगे-सोयरे ठरवून दिले, कोणाशी लग्न करायचं आणि कोणाशी नाही ते घालून दिलं. आजही गोंडांत ‘किती देवांचे?’ हा प्रश्न सोयरीक जुळवताना आधी विचारला जातो. चार, पाच, सहा, सात. समसंख्या असलेल्यांत भाऊपण, विषमसंख्येत भाऊपण, लग्न पलीकडल्याशी. ही विभागणी सगळ्या भागांत तंतोतंत एकसारखी नाही, पण धागा तोच.

परधान हे गोंडांचे कथेकरी. किंगरी वाजवत यजमानाच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या ही गाथा गाणं हे त्यांचं काम. ज्याच्या हातात किंगरी आहे त्याच्याच पूर्वसुरीचा बळी या कथेत जातो, हे कथेकऱ्यांनी मुद्दाम राखलेलं दिसतं. गोष्ट सांगणाऱ्याशिवाय माणसं गुहेतच राहिली असती, असा त्यात एक अहेर आहे, आणि तो वाजवीच आहे.

पण छापलेल्या रूपात ही कथा पहिल्यांदा आली ती निराळ्याच अंगाने. हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोची गाथा ऐकून उतरवून घेतली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या पाठात कोंडणारा महादेवच आहे, पण कारण वेगळं: धवळगिरीवर गोंड मनाला येईल ते खात, अंघोळ करत नसत, त्यांच्या दुर्गंधीने महादेव त्रासला. म्हणून त्यांना काचीकोपा लोहागडात, इंग्रजी लेखकांच्या भाषांतराप्रमाणे लाल डोंगरातल्या लोखंडी दरीत, कोंडलं. शिळा सोळा हात लांबीची आणि पहाऱ्याला भस्मासुर. चौघेच निसटले. पार्वतीला मात्र तो वास हवासा होता. तो येईनासा झाल्यावर ती तपाला बसली. पुढे लिंगो जन्मतो, निसटलेल्या चौघांना शेती आणि आग शिकवतो, त्यांच्याच हातून मारला जातो, पुन्हा जिवंत होतो, आणि महादेवापाशी कोंडलेल्यांची सुटका मागतो. महादेव त्याला समुद्राकाठच्या काळ्या पक्ष्याची पिल्लं आणायला पाठवतो. त्या पिल्लांना खाणाऱ्या भुजंगाला लिंगो ठार करतो, आणि मग शिळा हटते.

दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की काय घडलं ते कळतं. एकात मुलं व्रात्य आहेत, दुसऱ्यात अस्वच्छ. एकात आई रडते, दुसऱ्यात देवी वासाला आचवते. एकात सुटका सुरांनी आणि आतल्या रेट्याने, दुसऱ्यात महादेवाच्या परवानगीने. समाजातले अभ्यासक म्हणतात की हिस्लॉप यांच्या पाठावर हिंदू पुराणकथांचं सारवण चढलं आहे. ते खरं असण्याचा संभव मोठा आहे, कारण परधान यजमानांप्रमाणे गोष्ट वाकवणारे होते आणि शब्द भाषांतराच्या चाळणीतून गेले होते. उलट, आजचा पाठ विसाव्या शतकात नव्याने घासूनपुसून ठेवलेला आहे, हेही नाकारता येत नाही. मौखिक गोष्टीचं मूळ रूप मागणं म्हणजे नदीचं मूळ पाणी मागण्यासारखं.

या घासूनपुसून ठेवण्यात सर्वांत मोठा वाटा मोतीरावण कंगाली यांचा. १९४९ मध्ये रामटेक तालुक्यात जन्मलेले कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत, आणि उरलेला वेळ गोंडी भाषा, व्याकरण, कोश आणि पुनेम यांना देत. आईवडिलांनी ठेवलेलं मोतीराम हे नाव त्यांनी मोतीरावण करून घेतलं. नाव ही काय चीज आहे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. १९८० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचारगडचा शोध घेऊन तिथे जमायला सुरुवात केली, त्यातून आजची यात्रा उभी राहिली. २०१५ मध्ये ते गेले. यात्रेतल्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांची पुस्तकं गोंडी दिनदर्शिकांच्या शेजारी मांडलेली असतात. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली होती. तिला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. आदिलाबादकडच्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांच्या लिपीला २०१८ मध्ये.

स्वतःला ‘माणूस’ म्हणवणारे कोयतूर एकटे नाहीत. महाराष्ट्रातच मेळघाटात कोरकू आहेत. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. त्यांची भाषा मुंडा कुळातली. त्याच कुळात झारखंडकडच्या हो लोकांत ‘हो’ म्हणजे माणूस, मुंडारीत ‘होड़ो’, संथाळीत ‘होड़’. कोरकूंचा ‘क’ पूर्वेला गेल्यावर ‘ह’ होतो, आणि मेळघाट ते सिंहभूम एकच शब्द उभा असल्याचं दिसतं. ध्वनी नुसता सारखा वाटला म्हणून नव्हे, तर बदल नेमाने होतो म्हणून भाषाशास्त्रज्ञ याला नातं मानतात. गोंद आणि गोंड यांच्यात हाच नेम नाही. जगात इतरत्र पाहिलं तर उत्तर ध्रुवाकडचे इनुइट, जपानच्या उत्तरेचे ऐनू, आफ्रिकेतले बंटू, या सगळ्या नावांचा अर्थ माणूस किंवा माणसं असाच आहे.

यावर एक झटपट शेरा मारला जातो: म्हणजे बाकीचे माणूस नव्हेत का? हा शेरा मला उथळ वाटतो. ज्या काळी एका खोऱ्यात एकच बोली होती, तिथे ‘आम्ही कोण’ याला ‘माणसं’ याहून वेगळं उत्तर असण्याचं कारणच नव्हतं. वेगळं नाव लागतं ते दुसरा समोर आल्यावर, आणि ते बहुतेक वेळा दुसराच देतो.

खरी मेख वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं तर समोरचा पंगतीबाहेर. ‘आपण जेवू’ म्हटलं तर तो पंगतीत. हिंदीच्या ‘हम’मध्ये ही सोय नाही. इंग्रजीत नाही, संस्कृतातही नव्हती. ही द्राविडी भाषांची जुनी खासियत, आणि मराठीने ती शेजारच्या द्राविडी भाषांच्या सहवासातून उचलली असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. कोयतूर हा ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? कचारगडच्या मंचावर अनेक राज्यांचे लोक असल्यामुळे भाषणं बरीचशी हिंदीत होतात, आणि वक्ता ‘हम कोयतूर’ म्हणतो तेव्हा ते कळायला मार्ग नसतो. कधी त्याच्या बोलण्यात जगातला प्रत्येक जण धरणीच्या कुशीतला असतो. कधी फक्त तेहतिसांचे वंशज. दोन्ही अर्थ एकाच भाषणात येऊन जातात, आणि श्रोत्यांना त्यात विसंगती वाटत नाही.

शास्त्रानेही याहून बरं केलेलं नाही. कार्ल लिनियसने १७३५ मध्ये सजीवांचं वर्गीकरण छापलं तेव्हा माणसापुढे वर्णन न देता नुसती ‘स्वतःला ओळख’ अशा अर्थाची सूचना लिहिली होती. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘होमो सेपियन्स’, शहाणा माणूस, हे नाव दिलं. आणि लगेच त्या शहाण्या माणसाचे खंडांनुसार चार प्रकार पाडले. युरोपीय कायद्याने चालतो, आशियाई समजुतींनी, आफ्रिकी लहरीने, असे शेरे मारून. सुमारे सव्वाशे वर्षांनंतर हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानात जमातींची नाकं मोजायला घेतली. हिस्लॉपच्या पाठातल्या महादेवाचंही भांडण नाकावरूनच होतं, पण त्याच्याकडे निदान मोजपट्टी नव्हती.

मग कागदाचं राज्य आलं. जंगलातल्या समाजांना कधी ‘मूळनिवासी टोळ्या’ म्हटलं गेलं, कधी जीववादी. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्यांना मागासलेले हिंदू म्हटलं. ‘आदिवासी’ हा शब्द तसा अलीकडचा. छोटा नागपूरच्या चळवळीतून १९३० च्या दशकात तो वर आला आणि ठक्कर बापांसारख्यांनी रुळवला. संविधानाने ‘अनुसूचित जमाती’ हे नाव घेतलं. गोंडांची देशातली संख्या आज एक कोटीच्या बरीच वर आहे, पण २०११ मध्ये गोंडी ही मातृभाषा सांगणारे होते तीस लाखांच्या आत. गोंदिया जिल्ह्यातही असंख्य गोंड घरांत झाडी बोली किंवा हिंदीच बोलली जाते. त्याच जनगणनेत धर्माच्या रकान्यात दहा लाखांहून अधिक लोकांनी गोंड किंवा गोंडी असं लिहवून घेतलं. भाषा सुटली त्यांनीही नाव धरून ठेवलं, असं या दोन आकड्यांवरून दिसतं, आणि अलीकडे तरुण मुलंमुली मोबाइलवर आपल्या नावापुढे आडनावाऐवजी ‘कोयतूर’ लावतात ते याच ओढीने.

जातीच्या दाखल्यावर मात्र ‘गोंड’च येतं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठरावी नोंद गोंडांची आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. ‘गोंड’ हे मुख्य नाव, आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम देत देत पोटनावांची रांग: राजगोंड, अरख, अगरिया, असुर, बडा माडिया अशी सुरू होऊन मुडिया, मुरिया, नगारची, नागवंशी, ओझा, वाडे माडियापर्यंत. इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या त्या रांगेत मधोमध, खटोला आणि कोया यांच्यामध्ये, एक शब्द आहे: कोइतर. शेजाऱ्यांनी दिलेलं नाव शीर्षक झालं, आणि ज्या नावाने तो समाज स्वतःला माणूस म्हणतो ते त्याच्या पोटात, पन्नासेक नावांतलं एक.